‘सांगता येत नाही’ हेही उत्तर आहे: पाहण्या करून घेणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
जनमत पाहण्या करणाऱ्या संस्था आणि त्यांच्याकडून पाहण्या करून घेणाऱ्या कंपन्या व सरकारी खाती यांस,

स.न.वि.वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझी सही तुमच्याकडे आहे. फॉर्मच्या शेवटी एक घोषणापत्र असतं: ‘वरील मुलाखत मी स्वतः, प्रत्यक्ष भेटून, दिलेल्या सूचनांप्रमाणे घेतली आहे.’ त्याखाली मुलाखतकाराची सही. 19 वर्षं मी ती करते आहे. आधी कागदावर बॉलपेनने करायचे, आता टॅबच्या काचेवर बोटाने करते. ती कोंबडीचा पाय उमटल्यासारखी दिसते, तरी सहीच आहे. साबण, बँका, मुलींचं शिक्षण, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सौर पंप, निवडणुका, सेंद्रिय भाजी, आंतरजातीय लग्नं... सोलापूर, धाराशिव, सांगली, लातूर या जिल्ह्यांतल्या माणसांना या सगळ्याबद्दल काय वाटतं, हे तुमच्या अहवालात येतं, तेव्हा त्यातलं थोडं माझ्या चपला झिजवून आलेलं असतं.

गेल्या महिन्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरचा निरोप आला. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ हे पर्याय यापुढे वाचून दाखवायचे नाहीत. टॅबवरही ते आता इतर पर्यायांबरोबर दिसत नाहीत. उत्तर न भरता तीनदा ‘पुढे’ दाबलं, की मग उघडतात. आणि एका फॉर्ममध्ये अशी उत्तरं पाचांच्या वर गेली, तर फॉर्म रिजेक्ट. रिजेक्ट म्हणजे त्या मुलाखतीचे पैसे नाहीत. निरोपाखाली ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. त्या अंगठ्याची लाज वाटून हे पत्र लिहिते आहे.

आधी तुमची बाजू. आमच्यातही कामचुकार आहेत. झाडाखाली बसून, निम्मे प्रश्न न विचारता ‘माहीत नाही’ दाबून फॉर्म उरकणारे मी पाहिलेत. एक तर चहाच्या टपरीवर बसून पूर्ण वाडीची मतं भरायचा. शिवाय पहिल्या दमात ‘काय की बाई’ म्हणणारा माणूस थोडं थांबलं की बोलायला लागतो, हेही खरं. तेव्हा या उत्तरांवर लक्ष ठेवायला माझी ना नाही. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं. तुम्ही दार बंद केलंत.

ते बंद झाल्यावर काय होतं, ते सांगते. मे महिना, दुपारचे साडेअकरा, सोलापूरजवळच्या कुंभारीचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत. उजव्या हाताच्या नियमाने, म्हणजे उजव्या हाताची घरं धरून चालत, मधली ठरावीक घरं सोडत सोडत एका दारात पोचले. दाराच्या सावलीत एक बाई बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला दोऱ्याचं रीळ. माहेरची भाषा तेलुगू, पण माझ्याशी मराठीत. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबवून बोलणं परवडत नाही. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, तोंड दुमडणं. हे चालू ठेवूनच त्या उत्तरं देत होत्या. प्रश्न आला: ‘हवामान बदलाच्या संभाव्य परिणामांबाबत आपण कितपत चिंतित आहात?’

“हवामान बदल म्हंजे काय ओ?”

समजावून सांगायला बंदी आहे. प्रश्न आहे तसाच पुन्हा वाचायचा. मी पुन्हा वाचला.

“ते न्हाई सांगता येत बाई. पण पान लई लवकर कडक होतंय बघा आता. सकाळी भिजवलेलं दुपारला हातात फुटतंय. परत ओलं फडकं गुंडाळून ठेवा, परत कापा. उन्हाळ्यात हजार कुठं पुरं होतंय? आनि पान फुटलं की विडी छाटमधी जाती.”

छाट म्हणजे कारखान्यात माल तपासताना बाजूला काढलेली विडी. तिची मजुरी मिळत नाही. आमच्या रिजेक्ट फॉर्मसारखंच, फक्त त्यांच्याकडे ही रीत फार जुनी आहे.

तर उत्तर मिळालं होतं. ते त्यांच्या हातात होतं, चिरलेलं. टॅबवर मात्र चारच पर्याय: खूप चिंतित, काहीसे चिंतित, फारसे चिंतित नाही, अजिबात चिंतित नाही. त्या फॉर्ममध्ये ‘सांगता येत नाही’ आधीच पाचदा झालं होतं. मी ‘काहीसे चिंतित’ दाबलं. का, तर बोट तिथं होतं. त्या बाई आता तुमच्या एखाद्या रंगीत आलेखात, कुठल्या तरी पट्टीत बसल्या असतील. खाली माझी सही आहे, दिलेल्या सूचनांप्रमाणे.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 1970च्या दशकात लोकांना विचारलं, ‘1975चा पब्लिक अफेअर्स ॲक्ट रद्द करावा का?’ असा कायदाच नव्हता. तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. ते लोक खोटारडे नव्हते. विचारणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परत लावू नये, एवढंच. ही भिडस्त वृत्ती सिनसिनाटीत असते तशी सांगोल्यातही असते. त्याच प्रयोगात ‘याबद्दल तुमचं काही मत आहे का?’ असं आधी विचारलं, तेव्हा मत देणारे बरेच घटले. पन्नासएक वर्षांपूर्वी लोकांना कळलेली ही गोष्ट आहे. तुमच्याकडे संख्याशास्त्र शिकलेली माणसं बसतात, त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. म्हणून हा निर्णय अज्ञानातून झाला, असं मला वाटत नाही. रिकाम्या जागा असलेला तक्ता गिऱ्हाइकाला दाखवायला बरा दिसत नाही, म्हणून झाला.

दुसरं गाऱ्हाणं प्रश्नांच्या मराठीचं. खरं तर पहिलं हेच, कारण निम्मी ‘माहीत नाही’ यातून जन्मतात. ‘शाश्वत उत्पादनांसाठी अधिक किंमत मोजण्यास आपण कितपत तयार आहात?’ हे वाक्य मी मंगळवेढा तालुक्यात एका माळकरी आजोबांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, “शाश्वत एक पांडुरंग. त्याला कसली किंमत?” मी काय नोंदवायचं? ‘अजिबात तयार नाही’? इंग्रजीत बसून कुणी तरी एक शब्द उचलला, शब्दकोशात पाहून मराठी केला आणि शेकडो वर्षं अभंगांतून ज्यांच्या कानावर त्याचा एकच अर्थ पडत आला, त्यांच्यातल्या माणसापुढे मांडला. ‘तटस्थ’ हा तसाच. पाच खणांच्या पट्टीत मधला खण ‘तटस्थ’. गावात तटस्थ म्हणजे भांडणात कुणाची बाजू न घेणारा. भेंडीला दहा रुपये जादा देण्याबद्दल तटस्थ कसं राहायचं, हे कुणालाच कळत नाही. आणि हे एक रत्न: ‘प्लॅस्टिकवर निर्बंध घालू नयेत, या मताशी मी असहमत आहे. सहमत की असहमत?’ हे वाक्य मला स्वतःला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. उन्हात उभ्या माणसाला ते एकदाच ऐकायला मिळतं.

नीट करता येतं, याचा दाखला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने सी-व्होटर या पाहणी संस्थेबरोबर ऑक्टोबर 2021 ते जानेवारी 2022 या काळात भारतातल्या 4,619 प्रौढांना जागतिक तापमानवाढीबद्दल विचारलं. 54 टक्क्यांना त्याबद्दल थोडंसंच माहीत होतं किंवा त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मग दोन-चार वाक्यांत समजावून विचारल्यावर 84 टक्के म्हणाले, हो, असं घडतंय. माणसं तीच. पहिला आकडा एका शब्दाची ओळख मोजतो आणि दुसरा माणसाचा अनुभव. त्यांनी दोन्ही वेगळे छापले. तुमच्या फॉर्ममध्ये समजावण्याची ती दोन वाक्यं असती, तर विडी वळणाऱ्या बाई ‘खूप चिंतित’मध्ये गेल्या असत्या, आणि माझ्या बोटाला निर्णय घ्यावा लागला नसता.

आता खासगी प्रश्न. ‘घरातल्या मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं तर आपली भूमिका काय असेल?’ हा प्रश्न मला सुनेला विचारायचा असतो, आणि सासूबाई चार हातांवर बाजेवर शेंगा फोडत बसलेल्या असतात. सून माझ्याकडे बघत नाही, शेंगांकडे बघते. “आई सांगतील तसं.” मग मी निघते, ती पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत येते आणि तिथं खालच्या आवाजात, न विचारता, भलतंच काही बोलून जाते. तोवर फॉर्म सबमिट झालेला असतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या मारहाणीचे प्रश्न त्यात एका घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि आसपास कुणी नसेल तरच विचारतात. नसेल जमत, तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. त्याच पाहणीच्या 2019-21च्या फेरीत 45 टक्के बायका म्हणाल्या, की सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य आहे. हा आकडा वाचून मला धक्का बसला, पण खोटा वाटला नाही, कारण तो कसा काढला हे मला माहीत आहे. तुमच्या अहवालातले आकडे मलाच खरे वाटत नाहीत, तेही मीच भरलेले असून.

चांगलं दिसण्याचा भाग निराळाच. राज्यात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून ‘बाजारात कापडी पिशवी नेता का?’ हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल, मोजदाद नाही. उत्तर ठरलेलं: नेहमी. आणि बोलणाऱ्याच्या मागे, दाराआड खुंटीला, पिशव्या कोंबून कोंबून फुगलेली एक पिशवी लोंबत असते. माझ्याही घरी आहे. कृपा करून ‘नेता का’ असं विचारू नका. ‘शेवटची भाजी कशातून आणली?’ असं विचारा, मग लोक खरं सांगतात. हे सांगायला अहमदाबाद-बेंगळुरूची मॅनेजमेंटची पदवी लागत नाही, पण आम्हाला कुणी विचारत नाही. प्रश्न तयार होतात तुमच्या ऑफिसात, आणि आम्ही ते बघतो प्रशिक्षणाच्या दिवशी, जेव्हा टॅबमध्ये सगळं कुलूपबंद झालेलं असतं.

वेळेचंही थोडक्यात सांगते. पाऊण-पाऊण तासाची प्रश्नावली तुम्ही देता आणि गावात सांगायला लावता, ‘फक्त दहा मिनिटं.’ हे खोटं आमच्या तोंडून बोललं जातं. घरखर्चाच्या सरकारी पाहणीची 2022-23ची फेरी आठवा. एका बैठकीत माणूस कंटाळतो, म्हणून तीन प्रश्नावल्या करून तीन वेगळ्या महिन्यांत घरी जायचं ठरलं. सरकारी खात्याला जे सुचलं, ते तुम्हाला परवडत नसेल, तर निदान प्रश्न तरी कमी करा. पस्तिसाव्या मिनिटाला चुलीवरचं कालवण उतू जात असताना मिळालेलं ‘सहमत’ हे ‘आता जा’ या अर्थाचं असतं.

आणि फोन नंबर. बॅक चेकसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी म्हणून आम्ही नंबर घेतो, ‘फक्त तुमची मुलाखत झाली का, एवढंच विचारतील’ असं सांगून घेतो. गेल्या वर्षी एका पाहणीनंतर आठ-दहा दिवसांत तिथल्या तीन घरांना कर्जाचे आणि विम्याचे फोन सुरू झाले. नंबर कुठून फुटला, मला माहीत नाही. पण त्या घरांतली माणसं बाजारात भेटली, की मला विचारतात. संशोधन आणि विक्री वेगळी ठेवावी, हे या धंद्याच्या आचारसंहितेत आहे. 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. दारात तोंड मात्र आमचंच दाखवायचं असतं.

ते दारही आता पहिल्यासारखं उघडत नाही. जून 2024 आठवतो? एक तारखेला बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला 350च्या वर जागा दिल्या, चार तारखेला निघाल्या 293. त्या आठवड्यात माझं फिल्ड, म्हणजे दारोदारचं काम, एका स्वयंपाकाच्या तेलाबद्दल होतं. निवडणुकीशी काडीचा संबंध नाही. तरी तीन-चार दारांत ऐकून घेतलं: “तुमचं काय खरं असतंय ओ मॅडम?” टीव्हीवर चुकणारे वेगळे, तेल विचारणारी वेगळी, हे लोकांना कसं समजावणार? त्यांच्या लेखी आम्ही सगळे ‘सर्वेवाले’. आणि सर्वेवाले एकदा येतात, तासभर बसतात, नंबर घेतात, पुन्हा दिसत नाहीत. पाहणीतून काय निघालं, हे त्या वाडीला कधीच कळत नाही. 19 वर्षांत एकाही गावात मी निष्कर्षाचा कागद घेऊन परत गेलेले नाही. कुणी पाठवलंच नाही.

मी काही मोठं मागत नाही. नमुन्याची रचना, आकडेमोड, वजनं लावणं यातलं मला कळत नाही. जे कळतं, तेवढंच मागते.

‘सांगता येत नाही’ हा पर्याय इतर पर्यायांच्या बरोबरीने परत आणा. शंका आली तर आवाजाचं रेकॉर्डिंग ऐका, बॅक चेक करा, लबाड मुलाखतकाराला काढून टाका. पण या उत्तराचे पैसे कापू नका. आणि अहवालात त्याची टक्केवारी छापा. 30 टक्के लोकांना प्रश्नच कळला नाही, हीसुद्धा तुमच्या गिऱ्हाइकाच्या कामाची बातमी आहे.

प्रश्नावली कुलूपबंद करण्याआधी मराठी प्रश्न पंधरा-वीस घरांत वाचून बघा: पुण्याच्या सोसायटीतही आणि विडी घरकुलातही. त्या दिवशी दोन जुन्या मुलाखतकारांना सोबत घ्या आणि त्या दिवसाचे पैसे द्या. जिथं गरज आहे तिथं समजावून सांगायची दोन वाक्यं फॉर्ममध्येच लिहून द्या, म्हणजे प्रत्येक जण आपल्या मनाची भर घालणार नाही.

खासगी प्रश्नांपाशी ‘दुसरं कुणी हजर होतं का?’ असा रकाना ठेवा, आणि होतं तर तो भाग सोडायची परवानगी द्या. प्रश्नावलीला खरोखर किती वेळ लागतो, तेच आम्हाला लोकांना सांगू द्या. बॅक चेक झाला की फोन नंबर पुसा, आणि पुसल्याचा एसएमएस त्या माणसाला जाऊ द्या.

अहवालात प्रश्नाचे मूळ मराठी शब्द, किती दारं ठोठावली आणि किती जणांनी नकार दिला, हे छापा. आणि जिथं गेलो, तिथल्या ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या फलकावर लावता येईल असा एक पानी मराठी कागद पाठवा. तो लावायला मी माझ्या खर्चाने जाईन.

सरकारी खात्यांना वेगळं सांगते, कारण पैसा आमचा आहे. निविदेत फॉर्मची संख्या आणि मुदत एवढंच लिहिता. वरच्या गोष्टीही अटी म्हणून लिहा. कंत्राट घेणारा त्या पाळेल, कारण बिल तुमच्याकडून निघतं.

येत्या सोमवारपासून माझं फिल्ड पंढरपूर तालुक्यात आहे. पाण्याच्या वापराबद्दलची पाहणी, 41 प्रश्न. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी मी ‘किंवा सांगता येत नाही’ हे शब्द वाचणार आहे, आणि कुणी ते उत्तर दिलं, तर तीनदा ‘पुढे’ दाबून तेच नोंदवणार आहे. फॉर्म रिजेक्ट झाले तर होऊ देत. फक्त कारण लेखी द्या, प्रत्येक फॉर्मचं वेगळं.

आपली,
एक मुलाखतकार, सोलापूर